बितीनोची दाढी

द्राक्षांची तोडणी सुरू झाली की दियाम्ब्राच्या घरातून वास सुटायचा. ताजा रस तांब्याच्या मोठ्या भांड्यात चढवायचा, उकळी फुटली की त्यात पीठ सोडायचं आणि गुठळी होऊ न देता ढवळत राहायचं, हात दुखून येईपर्यंत. जांभळी, गोड, बोट लावलं तर थरथरणारी खीर. पहिला वाडगा ती घरात कुणाला देत नसे. फडक्यानं झाकून, छातीशी धरून ती कालव्याकाठच्या दोर वळणाऱ्यांच्या गल्लीत निघायची, मिंगार्दाच्या घरी. मिंगार्दाच्या नवऱ्याला दियाम्ब्राच्या मुलानं मारलं होतं.

बोलोन्यात हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि आता त्याचं कुणाला नवलही राहिलं नव्हतं. वाडगा घेऊन चाललेली म्हातारी दिसली की कमानींखाली बसलेल्या बायका म्हणायच्या, तोडणी लागली वाटतं. पण पहिल्या वर्षी तिला तो वाडगा घेऊन निघताना ज्यांनी पाहिलं, त्यांनी हातातलं काम थांबवलं होतं. गोष्ट त्या पहिल्या वर्षीची.

दियाम्ब्राचा फोल्को पाठीवर लाकडी पिंप बांधून घरोघरी वाइन पोचवायचा. मिंगार्दाचा नवरा उगेत्तो दोर वळायचा. दोघांचं वैर नव्हतं, दोस्तीही नव्हती. एका दुपारी विहिरीपाशी उगेत्तो चारचौघांत म्हणाला, फोल्को इथं थांबला म्हणजे पिंप भरायलाच थांबला असणार. वाइनमध्ये विहिरीचं पाणी घालतो, असा टोमणा होता तो. माणसं हसली. फोल्कोनं त्याला ढकललं, उगेत्तोनं परत ढकललं, मग फोल्कोनं हातातला टेकायचा दांडका मारला. उगेत्तो विहिरीच्या दगडी कठड्यावर पडला आणि पुन्हा उठला नाही. फोल्को पळाला. पण पळण्याआधी त्यानं पाठीवरचं पिंप काढून भिंतीशी नीट उभं ठेवलं, थेंब न सांडता. हातांची सवय. ते पिंप कितीतरी वेळ तसंच उभं होतं, असं बघणारे सांगायचे, आणि दियाम्ब्राला सगळ्या हकिकतीत तेवढंच ऐकवत नसे.

मग कायद्यानं व्हायचं ते झालं. परगावाहून वर्षभरासाठी आणलेल्या न्यायाधीशाच्या दारात तुतारी वाजली, फोल्कोचं नाव पुकारलं गेलं, तो हजर झाला नाही, आणि त्याला हद्दपार ठरवण्यात आलं. हद्दपार माणूस शहराच्या कायद्यासाठी मेलेला. तो हद्दीच्या आत दिसला तर कुणीही मारावा, मारणाऱ्याला कुणी विचारणार नाही. त्याला घरात घेणाऱ्याचं घर पाडायचं. दियाम्ब्राच्या घराची पुढची भिंत न्यायालयाच्या माणसांनी तेव्हाच पाडली, मुलाचा वाटा म्हणून. उरलेल्या अर्ध्या घरात ती राहू लागली, आणि त्या अर्ध्यासाठीही देवाचे उपकार मानू लागली. चूल मागच्या अंगाला होती ना.

उगेत्तोचा धाकटा भाऊ बितीनो. त्याला मिंगार्दानं लग्न होऊन आल्यापासून लेकरासारखा वाढवला होता. भावाला पुरून आला त्या दिवसापासून त्यानं गालाला वस्तरा लागू दिला नाही. त्या शहरात दुःखाची दाढी कुणीही ठेवी, पण ती महिन्या-दोन महिन्यांत उतरे. वर्ष उलटून गेलं तरी उतरली नाही, तर ती वेगळी दाढी. तिचा अर्थ सांगावा लागत नसे. रक्ताला रक्त मिळेपर्यंत ती वाढायची. समोरचा न्हावी कांबियो थट्टेखोर माणूस. तो दुकानाच्या उंबऱ्यातून म्हणायचा, बितीनो, माझा वस्तरा तुझ्या वाटेकडे डोळे लावून गंजला रे. बितीनो म्हणायचा, गंजू दे. आणि छातीवर आलेली दाढी तागाच्या पेडासारखी मुठीत धरून कामाला निघून जायचा.

दियाम्ब्रा दर शुक्रवारी मिंगार्दाच्या दारासमोर जाऊन उभी राहू लागली. डोक्यावरचं फडकं काढून, केस मोकळे, पायात काही नाही. मागायची काही नाही, बोलायची काही नाही. हद्दपारी उठायची तर मेलेल्याच्या घरच्यांनी समेट द्यावा लागतो, हे उभं राहणाऱ्या बाईला आणि दाराआडच्या बाईला, दोघींना माहीत होतं. एकदा मिंगार्दानं दार उघडलं आणि धुण्याचं पाणी बाहेर फेकलं. ते दियाम्ब्राच्या पायांवर आलं. दियाम्ब्रा म्हणाली, "उपकार झाले पोरी. दगड तापलाय, पाय भाजत होते."

ती खोचून बोलली नव्हती. तिचे पाय खरोखर भाजत होते. मिंगार्दानं घागर आत घेतली आणि दार लावलं. पण पुढच्या शुक्रवारी दारापुढच्या दगडावर आधीच पाणी शिंपडलेलं होतं.

उगेत्तोला जाऊन चार वर्षं होत आली तेव्हा एका शुक्रवारी ते दार उघडलं आणि उघडंच राहिलं. मिंगार्दा म्हणाली, आत ये. दियाम्ब्रानं कारण विचारलं नाही. मिंगार्दानंच ताग विंचरता विंचरता सांगितलं, आवाज न चढवता, भाजीचं सांगावं तसं. बितीनो सुरी परजत बसतो. एक गेला, आता दुसराही जाईल, मेला नाही तर हद्दपार होईल. मग ती सूड घेऊन काय करणार? सूड काही चुलीत लाकडं घालत नाही, की आजारपणात उशाशी बसत नाही. तिला घरात माणूस हवं होतं. "तुझ्या पोराला माफ केलं असं समजू नकोस, काकू," ती म्हणाली. "माझं पोर वाचवतेय."

दियाम्ब्रानं तिचे हात धरले आणि त्या हातांवर कपाळ टेकवलं. ताग विंचरून विंचरून ते हात करवतीसारखे झाले होते. कपाळाला खरचटलं. ती खूण तिनं पुसली नाही.

समेट मठाच्या चर्चमध्ये झाला. फोल्को शहरात येऊ शकत नव्हता, म्हणून त्याचा मुखत्यार म्हणून दियाम्ब्राचा भाऊ झाकारिया उभा राहिला. ठार बहिरा म्हातारा, आणि सकाळी भाकरीबरोबर अख्खा कांदा खाऊन आलेला. समेट पक्का व्हायचा तो चुंबनानं. मारणाऱ्याच्या मुखत्याराच्या ओठांवर मेलेल्याच्या भावानं ओठ टेकवायचे, सगळ्यांदेखत. कागद नंतर लिहायचा. कागद न्यायालयासाठी, चुंबन माणसांसाठी. खेड्यात तर लोक कागदाला विचारतही नाहीत. चुंबन झालं म्हणजे झालं.

बितीनो पुढे आला. वहिनीनं शब्द टाकला होता म्हणून आला होता, हे त्याच्या खांद्यांवरून दिसत होतं. झाकारियानं डोळे मिटले, ओठ पुढे केले. बितीनो वाकला, त्याच्या दाढीनं म्हाताऱ्याचं अर्धं तोंड झाकलं. साक्षीदारांनी डोळे पुसले. दस्तलेखकानं लिहिलं, मुखावर मुख.

दियाम्ब्रा बाजूच्या खांबाशी उभी होती. तिला बाजूनं दिसलं. ओठ ओठांना लागलेच नव्हते. हनुवटीच्या कोपऱ्याला नुसते केस घासून गेले होते.

बाहेर कांबियो गरम पाणी आणि वस्तरा घेऊन तयार बसला होता. समेटानंतर तिथंच दाढी उतरवायची रीत. बितीनो त्याच्याकडे न बघता पुढे निघून गेला. कांबियोनं पाणी गटारात ओतलं आणि या खेपेला थट्टा केली नाही.

दियाम्ब्रा कुणाला काही बोलली नाही. बोलली असती तर समेट मोडला असता, बितीनोची लाज निघाली असती आणि मिंगार्दाचा शब्द खोटा पडला असता. ज्या बाईनं शब्द दिला तिलाच खोटं पाडायचं, हे तिच्यानं होण्यासारखं नव्हतं. मिंगार्दानं दिलं होतं ते खरं होतं. त्याच्यासाठी ती सकाळ-संध्याकाळ आभार मानत होती. आणि त्या आभारांच्या खाली, भांड्याच्या बुडाशी काहीतरी लागावं तशी, ती दाढी होती. वहिनीनं दिलं, दिरानं दिलं नाही. फोल्को घरी येईल त्या दिवशी काय होईल, ते तिला सांगता येत नव्हतं.

त्यात तोडणीची सुट्टी आली. न्यायाधीशापासून कारकुनापर्यंत सगळे द्राक्षांच्या मळ्यांवर गेले, न्यायालयाला कुलूप लागलं. हद्दपारी रद्द झाल्याचा पुकारा आता तोडणी संपल्यावर. तोवर कागद झाला असला, चुंबन झालं असलं, तरी कायद्यासाठी फोल्को मेलेलाच होता. त्याला कुणी मारलं तर कुणी विचारणार नव्हतं. दियाम्ब्रानं हद्दीपलीकडे जाणाऱ्या गाडीवानाला घोकून निरोप दिला: समेट झालाय, पण पुकारा होईपर्यंत येऊ नकोस. गाडीवानाकडून तो दोनदा म्हणवून घेतला, आणि मग खिरीसाठी रस आणायला गेली.

ढवळताना ती गुणगुणली. कितीतरी दिवसांनी गळ्यातून काही निघालं होतं.

द्राक्षाच्या घडाला वेलीचा गं आधार,
माझ्या लेकराला परक्याचं उघडं दार.
परकी कशी म्हणू, तिनं दिलं जीवदान,
तिच्या उंबऱ्याला माझ्या केसांचं तोरण.

आणि वाडगा झाकून ती निघाली.

मिंगार्दाचं घर लांबट होतं. पुढं दार, मग ताग ठेवायची खोली, तिच्या मागं उघडं आवार, कालव्यापर्यंत गेलेलं. त्या आवारात बितीनो दोर वळायचा. दोर वळणारा उलटा चालतो. कमरेला तागाचा गुंडाळा, समोर दूरवर फिरणारं चाक, आणि बोटांतून पेड सोडत सोडत एकेक पाऊल मागे. मागं काय आहे हे त्याला बघावं लागत नाही, पायांना ठाऊक असतं.

मिंगार्दानं वाडग्यावरचं फडकं काढलं, वास घेतला, आणि बोट बुडवून चाखलं. ती काहीतरी म्हणणार, तोच दारातला उजेड गेला.

दारात फोल्को होता. तोडणीच्या गाडीवरून, टोपल्यांच्या मधे बसून आला असणार. गुडघ्यापर्यंत पाय जांभळे, केसांत वेलीचं पान. चार वर्षांत अंगावर हाडांखेरीज काही उरलं नव्हतं. त्यानं आईकडे पाहिलं, पण तिच्याकडे आला नाही. मिंगार्दासमोर जमिनीवर गुडघे टेकले.

"वहिनी, आधी तुमच्याकडेच आलो. घरी आई नव्हती. शेजारणीनं सांगितलं इथं आहे. पण असती तरी आधी इथंच आलो असतो."

दियाम्ब्रानं त्याचा खांदा पकडला. "न्यायालय बंद आहे, मेल्या," ती म्हणाली. "निरोप ऐकलास का सगळा?"

फोल्को गोंधळला. समेट झालाय, एवढं ऐकलं आणि तो उठला. गाडीवान मागून काहीतरी ओरडत होता, पण तो तोवर गाडीरस्त्याला लागला होता. चुंबन झालं म्हणाला ना गाडीवान, मग अजून काय राहिलं? चार वर्षं खेड्यात काढली होती त्यानं. खेड्यातल्या माणसासारखंच बोलत होता.

दियाम्ब्राची नजर त्याच्या डोक्यावरून आवाराकडे गेली होती. तिकडून एक रुंद पाठ येत होती. एकेक पाऊल मागे, मापात, पेड सोडत. कमरेच्या पट्ट्यात टोकं छाटायची सुरी. बितीनोला काहीच दिसत नव्हतं. तो आपला दोर लांबवत घराकडे सरकत होता, जवळ, आणखी जवळ, आणि त्या पाठीला हाक मारावी की मारू नये हे दोन्ही बायकांना कळेना. हाक मारली तर तो वळणार. नाही मारली तरी खोलीच्या खांबाशी येऊन वळणारच.

तो खांबाशी आला, दोर खुंटीला अडकवला आणि वळला.

कुणी हललं नाही. फोल्को गुडघ्यांवरच होता, मान वर करून. बितीनोचा हात पट्ट्याकडे गेला आणि तिथं थांबला. त्यानं फोल्कोकडे पाहिलं नाही फारसं. पाहिलं ते दियाम्ब्राकडे.

"समेट झाला म्हणून आलाय हा," तो म्हणाला. "काकू, झाला का समेट?"

"तुझ्या वहिनीनं दिला," दियाम्ब्रा म्हणाली.

"मी विचारतोय, तू त्या खांबाशी उभी होतीस ना?"

"होते."

"मग दिसलं तुला."

"दिसलं रे बाबा."

"बोलली का नाहीस?"

ती म्हणाली, "तुझ्या वहिनीनं दिलं तेच माझ्या ओंजळीत मावत नव्हतं. तुझं उरलेलं कसं मागू? तू देशील तेव्हा देशील. नाही दिलंस तरी तुझा भाऊ गेलाय, माझा नाही."

मिंगार्दा एकदा दिराकडे, एकदा म्हातारीकडे बघत राहिली. ओठ लागलेच नव्हते हे तिला आत्ता कळत होतं. ती काही बोलणार, इतक्यात गल्लीत ओरडा झाला.

शहराचा नियमच होता तसा. हद्दपार दिसला तर शेजाऱ्यांनी ओरडायचं. नाही ओरडले आणि नंतर उघडकीला आलं, तर अख्ख्या गल्लीला दंड. समोरची गिझेल्ला फोल्कोला लहानपणापासून ओळखत होती. तिनं खिडकी लावून घेतली आणि बंद खिडकीआडून, मांजराला हाकलावं तेवढ्या आवाजात म्हटलं, धरा हो, हद्दपार आलाय. पलीकडच्यानंही जांभई द्यावी तसं म्हटलं, धरा. कांबियो न्हावी मात्र वस्तरा उगारून दुकानातून बाहेर आला, मोठ्यानं कुठं आहे, कुठं आहे म्हणत, आणि बरोबर उलट्या दिशेला धावत सुटला. त्याच्यामागे चारजण धावले. साऱ्या गल्लीनं कायदा पाळला आणि कुणी कुणाला धरलं नाही. पण नेमके त्या वेळी कोपऱ्यावरच्या घाण्याशी ताजा रस प्यायला न्यायालयाचे शिपाई थांबले होते. त्यांनी ओरडा ऐकला. बुटांचे आवाज दाराकडे येऊ लागले.

बितीनोनं पट्ट्यावरचा हात काढला. फोल्कोला मानेला धरून उठवलं आणि कोपऱ्यातल्या तागाच्या ढिगात ढकललं, पोतं ढकलावं तसं. मिंगार्दानं विचारलं नाही की तू काय करतोयस. ढिगावर आणखी दोन भारे टाकले, वर बसली आणि विंचरायला घेतलं. पाडलेल्या भिंतीचं घर दियाम्ब्रानं डोळ्यांनी पाहिलं होतं, हातांनी दगड उचलून बाजूला ठेवले होते. आता याही घराची भिंत तिला दिसायला लागली. ती म्हणाली, पोरी, नको, मी याला घेऊन जाते. मिंगार्दा म्हणाली, "खीर ढवळ. गार होतेय."

बितीनो दारात जाऊन उभा राहिला, चौकट भरून.

शिपायांचा नाईक परप्रांतातला, मार्केकडचा होता, या वर्षीच्या न्यायाधीशाबरोबर आलेला. इथली बोली त्याला नीट येत नव्हती, समेटाचं तर काहीच ठाऊक नव्हतं. पण शहरात आल्यावर पहिल्याच आठवड्यात त्याला दाढ्या ओळखायला शिकवलेलं होतं. दारातल्या माणसाच्या छातीवर लोंबणारी दाढी त्यानं पाहिली आणि तो थांबला.

"कोण गेलाय तुझा?"

"भाऊ."

"मारणारा?"

"तुम्ही ज्याला शोधताय तोच."

नाईक हसला. मागच्या शिपायांकडे बघून म्हणाला की मग आपण कशाला पळतोय, याच्याच मागे चालत राहिलं तरी पुरे. मग त्यानं विचारलं, "इकडे आला नाही?"

"आला असता तर तुम्हाला ओरडा ऐकू आला असता?" बितीनो म्हणाला. "मी गुपचूप केलं असतं. चार वर्षं वाट बघतोय."

त्याचा आवाज खरा होता, म्हणूनच दियाम्ब्राच्या अंगावर काटा आला. त्यातलं एकही अक्षर खोटं नव्हतं. कालपर्यंतच्या बितीनोनं ते तसंच केलं असतं. सगळ्या बोलोन्यात त्या दाढीइतकी पक्की साक्ष दुसरी नव्हती, आणि ती साक्ष आज तिच्या पोराच्या बाजूनं उभी होती.

नाईकानं त्याच्या खांद्यावरून आत डोकावलं. एक बाई ताग विंचरतेय, एक म्हातारी वाडगा धरून. "ही कोण?"

मिंगार्दा फणी न थांबवता म्हणाली, "आमचीच आहे. खीर घेऊन आलीय."

आमचीच. दियाम्ब्रा पुढे झाली, कशी झाली तिलाच कळलं नाही, आणि वाडगा नाईकासमोर धरला. नाईकानं बोट बुडवलं, चाटलं. मग पुन्हा बुडवलं. म्हणाला, आमच्याकडे आई यात दालचिनी घालते. त्याचा चेहरा क्षणभर पोरासारखा झाला. बितीनोनं कालव्याच्या पुलाकडे हात केला, ओरडत कुणीतरी तिकडे गेलं म्हणाला, आणि ते खरंच होतं, कांबियो तिकडेच गेला होता. शिपाई निघाले. दियाम्ब्रा पुढं प्रार्थनेत त्या नाईकाचंही नाव घ्यायची. नाव माहीत नव्हतं, म्हणून दालचिनीवाला म्हणायची.

बितीनोनं दार लावलं, पाठ टेकवली आणि तसाच राहिला. ढिगातून फोल्को बाहेर आला. केसांत, भुवयांवर, हनुवटीला तागाचे धागे चिकटून त्यालाही दाढी आल्यासारखी दिसत होती. दोन दाढीवाले एकमेकांसमोर. मिंगार्दाच्या घशातून आवाज आला, हसल्याचा की रडल्याचा ते तिलाही सांगता आलं नसतं.

"नीट उभा राहा," बितीनो फोल्कोला म्हणाला. फोल्को उभा राहिला. बितीनोनं त्याच्या हनुवटीवरचा ताग काढून टाकला, त्याचं डोकं दोन्ही हातांत धरलं आणि ओठांवर ओठ टेकवले. दात दातांवर आपटले. प्रेम नव्हतं त्यात. जड ओझं ज्या हातांनी उचललं त्याच हातांनी खाली ठेवावं, तसं होतं.

मग तो दियाम्ब्राकडे वळला. "आता झालं," म्हणाला.

एवढी वर्षं पाण्याचे, दगडाचे, अर्ध्या चुलीचे आभार दियाम्ब्रानं तोंडानं मानले होते. आता तिनं वाडग्यातली खीर बितीनोच्या पुढे केली. त्यानं उभ्या उभ्याच खाल्ली. थोडी दाढीवर सांडली.

सूर्य कलला तेव्हा दोरांची गाडी वेशीबाहेर गेली. वर गुंडाळे, खाली फोल्को, आणि गाडी हाकायला बितीनो स्वतः. वेशीवरच्या माणसानं दाढी पाहून गाडीत हात घातला नाही. परत आल्यावर बितीनोनं एवढंच सांगितलं की हद्दीपाशी उतरताना तुझा पोरगा रडत होता, आणि मी त्याला सांगितलं, या खेपेला निरोप शेवटपर्यंत ऐक.

तोडणी संपली. न्यायालय उघडलं. तुतारी वाजली आणि ज्या दारातून फोल्कोचं नाव गेलं होतं त्याच दारातून ते परत आलं.

दुसऱ्या दिवशी बितीनो कांबियोच्या दुकानात जाऊन बसला. बातमी सांगायला कुणी गेलं नव्हतं, तरी गल्ली जमली. कांबियो म्हणाला, एका वस्तऱ्याचं काम नाही हे, कुऱ्हाड आणा. पाणी दियाम्ब्रानं तापवून आणलं. ते तिनं कुणाला आणू दिलं नाही. तीच भांडं धरून बाजूला उभी राहिली. आधी कात्री चालली, मग फेस, मग वस्तरा. काळे झुपके मांडीवर पडत गेले.

आणि खालून चेहरा निघाला. चार वर्षं ऊन न लागलेली हनुवटी, पांढुरकी, मधोमध खळी असलेली. उगेत्तोची हनुवटी. भावाभावांचा तोंडवळा इतका एक होता हे सगळे विसरले होते. मिंगार्दा पुढे आली, तिनं तो गाल आपल्या खरबरीत तळव्यात घेतला आणि कितीतरी वेळ सोडला नाही.

दियाम्ब्रानंही मान वळवली नाही. ज्या चेहऱ्याला तिच्या पोरानं मातीत घातलं तो तिच्यासमोर, तिनंच तापवलेल्या पाण्यानं ओला, जिवंत बसला होता. त्याच्याकडे बघत राहणं तिला भागच होतं. आणि बघता बघता तिच्या मनात आलं, देवा, हाही वाचला. माझा एक नाही, दोन वाचले.

मागे काहीतरी धपकन पडलं. आदल्या रात्रीच घरी परतलेला फोल्को कामावर रुजू होऊन पिंप पाठीवर घेऊन चालला होता, गर्दी बघून थांबला होता. त्याला ती हनुवटी दिसली. पिंप पाठीवरून निसटलं, आडवं झालं, आणि नवी वाइन दगडांमधून वाहू लागली. कांबियोच्या उंबऱ्याशी, बायकांच्या पायांशी, तोडलेल्या केसांपर्यंत. फोल्कोनं ते उचललं नाही. पिंपाकडे पाहिलंही नाही. तोंड झाकून तो गल्लीतच खाली बसला. मिंगार्दानं हे सगळं बघितलं. त्याच्याजवळ ती गेली नाही, पण नजरही काढून घेतली नाही.

संध्याकाळी दियाम्ब्रा तिच्या दाराशी आली, या वेळी डोक्यावर फडकं बांधून. म्हणाली, पोरी, तुझं मी कसं फेडू, काहीतरी सांग, म्हातारीला सोपं जाईल. मिंगार्दा ताग विंचरत होती.

"पुढच्या खेपेला पीठ जरा कमी घाल," ती म्हणाली. "घट्ट झाली होती."

तेव्हापासून दियाम्ब्राच्या खिरीत पीठ कमी असतं. आणि चिमूटभर दालचिनी असते.